कॅसेटमध्येच राहून गेलेलं संगीत

पिक्शनरी हा चार माणसं जमली की खेळायचा बैठा खेळ. एकानं चित्र काढायचं आणि बाकीच्यांनी शब्द ओळखायचा, एवढंच त्याचं स्वरूप. १९९० मध्ये निन्टेन्डोच्या एनईएस या घरगुती यंत्रासाठी त्याचा व्हिडिओ गेम निघाला. त्यात कथा नाही, नायक नाही, लढाई नाही. एखादी साधी, गुणगुणता येईल अशी धून दिली असती तरी कुणी तक्रार केली नसती. पण गेम सुरू केला की नावाच्या पाटीबरोबर जे संगीत उसळून येतं ते ऐकताना माणूस खेळच विसरतो. खर्जात धावणारी एक रेषा, तिच्यावर इतक्या वेगानं सुटणारे स्वर की तीन-चार वाद्यं एकदम वाजत असल्याचा भास व्हावा, आणि या सगळ्याला बांधून ठेवणारा घट्ट ताल. हे रचणारे इंग्लंडचे टिम फॉलिन तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होते. त्याच वर्षी त्यांनी याच यंत्रावर ‘सॉल्स्टिस’ला संगीत दिलं आणि भाऊ जेफ यांच्या जोडीनं ‘सिल्व्हर सर्फर’लाही. ‘सिल्व्हर सर्फर’ इतका निर्दयपणे अवघड होता की त्यातलं पुढचं संगीत खेळत खेळत गाठणं फार थोड्यांना जमलं असेल. तिन्ही गेम बाजारात विशेष चमकले नाहीत. संगीतही त्यांच्याबरोबर मागे राहिलं.

जुन्या कन्सोलवरच्या गेम्सचं संगीत हे खरोखर संगीत आहे का, हा वाद आता उरलेला नाही. २३ जुलै २०२१ ला टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात देशोदेशीचे खेळाडू मैदानात आले ते जपानी व्हिडिओ गेम्सच्या धुनांवर. २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत कोजी कोंदो यांची ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची धून घेतली, त्या यादीत गेमचं संगीत पहिल्यांदाच आलं. त्याच वर्षी ग्रॅमीमध्ये गेमच्या संगीताला स्वतंत्र पुरस्कार सुरू झाला. मान मिळाला आणि तो रास्तच होता. पण तो कुणाच्या वाट्याला आला आणि कुणाच्या नाही, हे पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. या संगीताला दोन चाळण्यांमधून जावं लागलं. पहिली चाळणी गेमच्या खपाची. दुसरी वाद्यवृंदाची: जी धून व्हायोलिन, बासरी आणि तुताऱ्यांवर बसवता येते ती ‘अभिजात’ ठरली, जी बसवता येत नाही ती खेळण्यातला आवाज म्हणून बाजूला पडली. दोन्ही चाळण्यांचा संगीताच्या दर्जाशी संबंध थोडाच आहे. दुसरीत अडकून राहिलेला ऐवज तर बऱ्याचदा या कलेतला सर्वात अस्सल भाग आहे, कारण तो त्याच यंत्रासाठी, त्याच यंत्रावर विचार करून घडवलेला आहे. हे म्हणणं पटायचं तर आधी ते यंत्र काय होतं ते पाहायला हवं.

निन्टेन्डोचा फॅमिकॉम जपानमध्ये जुलै १९८३ ला आला. अमेरिकेत दोन वर्षांनी तोच एनईएस या नावानं आला. त्याच्या ध्वनिचिपमध्ये पाचच आवाज होते. दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक नुसत्या खरखरीचा आणि पाचवा अगदी ओबडधोबड ध्वनिमुद्रित तुकडे वाजवणारा. त्रिकोणी लहरीचा आवाज कमी-जास्त करण्याची सोयच नव्हती; तो एक तर वाजणार, नाही तर बंद राहणार. चौकोनी लहरीचा पोत बदलण्याचे पर्याय चारच, आणि कानाला त्यातले तीनच वेगळे लागत. शिवाय हे आवाज संगीताच्या एकट्याच्या मालकीचे नव्हते. नायकानं उडी मारली, गोळी सुटली की त्या आवाजासाठी संगीताचा एखादा धागा क्षणभर काढून घेतला जाई. संगीतकारांना याचा अंदाज ठेवूनच लिहावं लागे. एक धागा तुटला तरी धून कोसळू नये अशी वीण घालावी लागे. ध्वनिमुद्रण असं काही नव्हतंच. कॅसेटमध्ये, म्हणजे ज्याला तिकडे कार्ट्रिज म्हणतात त्यात, कोणता स्वर किती वेळ, किती जोरात, कोणत्या पोतात वाजवायचा याच्या आज्ञा असत आणि यंत्र त्या दर वेळी नव्यानं वाजवी. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा अख्खा गेम, चित्रं आणि संगीतासह, ४० किलोबाइटचा होता.

या अडचणीतून जे मार्ग निघाले तीच या संगीताची भाषा झाली. एका धाग्यावर एका वेळी एकच स्वर वाजतो ना, मग तीन स्वर सेकंदाला पन्नास-साठ वेळा आलटून-पालटून वाजवा. कानाला त्यातून थरथरणारा एकच स्वरमेळ ऐकू येतो. प्रतिध्वनी हवा, तर दुसऱ्या धाग्यावर तीच धून किंचित उशिरा आणि हळू आवाजात सोडा. ढोलाचा ठोका हवा, तर त्रिकोणी लहर वरून खाली झरकन घसरवा. फॉलिन यांच्या संगीतातली श्रीमंती यातूनच आली होती. त्यांची धून कागदावर उतरवून पियानोवर वाजवली तर तिच्यातलं निम्मं हरवतं, कारण ते निम्मं स्वरांच्या थरथरीत, पोत बदलण्यात आणि धाग्यांच्या लपंडावात आहे. आपल्या कानांना हे समजायला अवघड जाऊ नये. तंबोऱ्याची जवारी काढून टाकली तर तारा त्याच राहतात, पण तंबोरा राहत नाही. बंदिश लिहून ठेवता येते, गायकी ठेवता येत नाही. चिपवरच्या संगीतात बंदिश आणि गायकी दोन्ही एकाच माणसानं आज्ञांच्या रूपात लिहून ठेवलेल्या आहेत. वाद्यवृंद त्यातली बंदिश तेवढी उचलतो.

वाद्यवृंदाकडे जाणारी वाट कोइची सुगियामा यांनी पाडली. दूरचित्रवाणी आणि जाहिरातींच्या संगीतात मुरलेले सुगियामा १९८६ च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’साठी गेमच्या दुनियेत आले, आणि १९८७ मध्येच टोकियोत त्यांच्या या संगीताची मैफल वाद्यवृंदानं सादर केली. पुढे नव्वदच्या दशकात जपानमध्ये अशा मैफलींची ध्वनिमुद्रित मालिका निघाली. २००३ मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगच्या गेवांडहाउसमध्ये आणि २००५ मध्ये लॉस एंजलिसच्या हॉलिवुड बोलमध्ये गेमचं संगीत पोहोचलं. या वाटेनं मोठं काम केलं. ज्यांनी कधी हातात कंट्रोलर धरला नव्हता असे लोक हे संगीत ऐकू लागले. सुगियामांचं लेखन मुळातच बरोक काळातल्या युरोपीय संगीताच्या वळणाचं, दोन-तीन स्वररेषा एकमेकींत गुंफणारं, त्यामुळे ते तंतुवाद्यांवर सहज बसलं. पण वाट एकदा रुळली की तिच्यावरून जाता येणाऱ्या वस्तूच बाजारात येतात. लांब, गाता येईल अशी स्वररेषा ज्यात आहे ते संगीत मैफलीत आलं, तबकड्यांवर आलं आणि त्याचीच चर्चा झाली. हिरोकाझु तानाका यांचं ‘मेट्रॉइड’ (१९८६) घ्या. संगीत कुठे संपतं आणि यंत्राचे आवाज कुठे सुरू होतात हे खेळणाऱ्याला कळू नये असा त्यांचा प्रयत्न होता, आणि मोकळी, सुखावणारी धून त्यांनी शेवटच्या विजयासाठी राखून ठेवली. गेम प्रसिद्ध, संगीतकार नामवंत. तरीही मैफलींमध्ये त्या गेमच्या वीरश्रीच्या धुनाच वाजत राहिल्या. बोगद्यांमधली ती कोरडी, अस्वस्थ शांतता व्हायोलिनच्या हाती लागत नाही.

आता पहिल्या चाळणीत अडकलेल्यांकडे वळू. सनसॉफ्ट या जपानी कंपनीच्या संगीतकारांनी फॅमिकॉमच्या त्या पाचव्या, ओबडधोबड धाग्याचा असा उपयोग केला जो इतरांना सुचला नव्हता. बहुतेक जण त्यावर ढोल-ताशे वाजवत. सनसॉफ्टनं त्यावर बेस गिटारचे तुकडे घातले. त्यामुळे त्रिकोणी लहर मोकळी झाली आणि साऱ्या संगीताला एक भरदार, मांसल तळ मिळाला. नाओकी कोदाका यांचं ‘बॅटमॅन’ (१९८९) यातलं सगळ्यांना माहीत असलेलं काम. चित्रपटाच्या नावावर तो गेम खपला. त्याच हातचं ‘जर्नी टू सिलियस’ (१९९०) मात्र मागे पडलं. तो गेम मुळात ‘टर्मिनेटर’ या चित्रपटावर बेतलेला होता. हक्क हातचे गेल्यावर कंपनीनं कथा आणि नाव बदलून तो काढला. नाव नसलेला, घाईनं वळवलेला गेम. पण त्याच्या पाटीवरचं संगीत ‘बॅटमॅन’च्या तसूभरही मागे नाही, आणि माझ्या मते बेस आणि स्वररेषा यांच्या संवादात ते काकणभर सरसच आहे. एकाच माणसाच्या, एकाच यंत्रावरच्या, वर्षभराच्या अंतरानं केलेल्या दोन कामांपैकी एकाला कीर्ती आणि दुसऱ्याला विस्मृती मिळते, तेव्हा फरक संगीतात शोधण्याचं कारण उरत नाही.

सनसॉफ्टच्याच ‘गिमिक’ची गोष्ट याहून चटका लावणारी आहे. तो जपानमध्ये जानेवारी १९९२ ला आला. तोवर निन्टेन्डोचं पुढचं यंत्र, सुपर फॅमिकॉम, बाजारात येऊन वर्ष उलटलं होतं आणि जुन्या यंत्राकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मासाशी कागेयामा यांनी त्यासाठी जॅझ आणि फ्यूजनच्या वळणाचं संगीत लिहिलं. कॅसेटमध्येच बसवलेल्या जादा चिपमुळे त्यांना आणखी तीन आवाज मिळाले होते, आणि त्या चिपचे हे आवाज वापरणारा फॅमिकॉमवरचा हा एकमेव गेम ठरला. जपानबाहेर तो त्या काळी फक्त स्कँडिनेव्हियात विकला गेला. तिथल्या एनईएसवर हे जादा आवाज वाजूच शकत नव्हते. म्हणजे परदेशात जे थोडे लोक तो खेळले त्यांनीही हे संगीत पुरतं ऐकलंच नाही. २०२३ मध्ये तो नव्या यंत्रांसाठी पुन्हा निघाला तेव्हा एकतीस वर्षं लोटली होती.

हा अपघात एकट्या ‘गिमिक’चा नाही. फॅमिकॉमच्या कॅसेटला यंत्राच्या आवाजात स्वतःचा आवाज मिसळता येई. एनईएसच्या रचनेत कॅसेटसाठी ती सोयच ठेवलेली नव्हती. कोनामीच्या ‘कॅसलव्हेनिया’ मालिकेचा तिसरा भाग जपानमध्ये १९८९ ला निघाला तेव्हा त्यात कंपनीची स्वतःची चिप होती आणि तिचे तीन जादा आवाज होते, त्यात एक करवती लहरीचा, जवळजवळ तंतुवाद्यांच्या ताफ्यासारखा वाजणारा. हिदेनोरी माएझावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या आवाजांसाठी लिहिलेलं संगीत अमेरिकेत पोहोचलं ते पाच मूळ धाग्यांत कोंबून. कोनामीचाच ‘लाग्राँज पॉइंट’ (१९९१) तर जपानबाहेर गेलाच नाही. त्याच्या कॅसेटमध्ये यामाहाच्या तंत्रावरची, सहा आवाजांची एफएम (एका लहरीनं दुसरी लहर बदलवून आवाज घडवणारी) चिप होती आणि फॅमिकॉमवर असा आवाज दुसऱ्या कोणत्याही गेममध्ये नाही. निन्टेन्डोची स्पर्धक असलेल्या सेगानं ‘फँटसी स्टार’चं (१९८७) संगीत जपानमध्ये एफएम आवाजात दिलं, पण पाश्चात्य यंत्रांत ती चिप नव्हती, म्हणून तोकुहिको उवाबो यांच्या त्याच धुना तिकडे साध्या, पातळ आवाजात वाजल्या. युरोपात आणखी एक अडचण होती. तिथले टीव्ही सेकंदाला ६० ऐवजी ५० चित्रं दाखवत आणि अनेक गेम्सचं संगीत या गतीलाच बांधलेलं होतं. जिथे सुधारणा करण्याची तसदी घेतली गेली नाही तिथे सगळं संगीत सुमारे १७ टक्के संथ झालं. पहिल्या ‘सॉनिक’चं युरोपात असंच झालं. विलंबित वाजवलेली द्रुत रचना ऐकून तिच्याविषयी मत बनवावं, तसा हा प्रकार. जगानं जे संगीत दुर्लक्षिलं असं आपण म्हणतो त्यातलं बरंचसं जगाला धड ऐकायलाच मिळालं नव्हतं.

आणि नावं? १९८६ च्या पहिल्या ‘कॅसलव्हेनिया’च्या शेवटी संगीतकार म्हणून ‘जेम्स बनाना’ असं नाव येतं. ‘ड्रॅक्युला’ चित्रपटाचे संगीतकार जेम्स बर्नार्ड यांच्या नावावरची ती कोटी होती. प्रत्यक्षात ते संगीत बहुतांशी किनुयो यामाशिता यांचं, त्यांच्या तरुणपणीचं. कॅपकॉममध्ये १९८७ च्या ‘मेगा मॅन’ला मानामी मात्सुमाए यांनी संगीत दिलं, तेही टोपणनावानं. प्रतिस्पर्धी कंपन्यांनी आपली माणसं पळवू नयेत म्हणून जपानी कंपन्या खरी नावं छापत नसत. कोनामीत तर संगीतविभागातली सगळी माणसं ‘कुकेइहा क्लब’ या एकाच सामूहिक नावाखाली येत. या टोपणनावांमागे किती स्त्रिया होत्या हे पाहिलं की थक्क व्हायला होतं. यामाशिता आणि मात्सुमाए यांच्याखेरीज ‘स्ट्रीट फायटर २’ आणि ‘लाइव्ह अ लाइव्ह’च्या योको शिमोमुरा, हारुमी फुजिता, मिकी हिगाशिनो, मिचिरु यामाने, ‘रिस्टार’च्या तोमोको सासाकी. ज्या काळात चित्रपटसंगीतात जगभर स्त्री संगीतकार हाताच्या बोटांवर मोजाव्या लागत, त्या काळात जपानी गेमसंगीताची उभारणी बऱ्याच अंशी स्त्रियांनी केली. हे सत्य दशकं लपून राहिलं, कारण श्रेयनामावलीत केळी होती, माणसं नव्हती. याच्या उलट उदाहरण युझो कोशिरो यांचं. ‘स्ट्रीट्स ऑफ रेज’च्या (१९९१) पाटीवरच त्यांचं नाव झळकलं, आणि आज सेगाच्या मेगा ड्राइव्ह या यंत्राच्या संगीताविषयी बोलताना पहिलं नाव त्यांचंच निघतं. त्यांचं श्रेय कमी करण्याचा यात हेतू नाही; नाव छापल्यानं केवढा फरक पडतो, एवढंच दाखवायचं आहे.

कोशिरो यांच्याबाबतीतही चाळणी सुटली नाहीच. सेगाच्या मेगा ड्राइव्हमध्ये यामाहाची सहा आवाजांची एफएम चिप होती, धातूसारखा, धारदार, किंचित उग्र आवाज देणारी. पहिल्या दोन ‘स्ट्रीट्स ऑफ रेज’मध्ये कोशिरो यांनी तिच्यातून त्या काळच्या क्लबमधलं नृत्यसंगीत काढलं आणि ते गाजलं. तिसऱ्या भागात (१९९४) त्यांनी आणि मोतोहिरो कावाशिमा यांनी पुढचं पाऊल टाकलं. स्वररचनेचा काही भाग यंत्राकडूनच यादृच्छिक घडवून घेतला आणि संगीत तुटक, कर्कश, जवळजवळ यंत्रशाळेतल्या गोंगाटाच्या टोकाला नेलं. अनेकांना ते आवडलं नाही. पुढच्या काळात तशा तऱ्हेचं इलेक्ट्रॉनिक संगीत रूढ झाल्यावर आज ते ऐकलं की कळतं की ही घसरण नव्हती, धाडस होतं. डेन्मार्कचे येस्पर किड यांचं ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ (१९९५) याच कुळातलं: कार्टूनच्या गेमला मिळालेलं काळोखं, अथक टेक्नो. हितोशी साकिमोतो आणि मासाहारू इवाता यांनी ‘गाँटलेट ४’साठी (१९९३) याच चिपकडून अगदी वेगळं, गंभीर आणि प्रशस्त काम करून घेतलं. मेगा ड्राइव्हचा आवाज वाईट, असा समज पाश्चात्य देशांत बराच काळ होता. त्याला कारणही होतं. तिकडच्या बऱ्याच कंपन्या एक तयार ध्वनिप्रणाली घेऊन तिच्यातले आयते आवाज जसेच्या तसे वापरत, आणि शेकडो गेम्स एकसारखे वाजत. तो दोष यंत्राच्या माथी मारला गेला.

सुपर फॅमिकॉमविषयी थोडक्यात बोललं तरी चालेल, कारण तिथे दुर्लक्षाची कारणं निराळी आहेत. त्याची सोनीनं बनवलेली चिप खऱ्या वाद्यांचे छोटे नमुने आठ आवाजांत वाजवी, आणि त्या साऱ्यांसाठी ६४ किलोबाइट जागा असे. ते संगीत वाद्यवृंदाच्या जवळचं, त्यामुळे दुसरी चाळणी त्याला फारशी जाचली नाही. पहिली जाचली. शिमोमुरा यांचं ‘लाइव्ह अ लाइव्ह’ १९९४ पासून २०२२ पर्यंत अधिकृतपणे जपानमध्येच अडकून पडलं. मियोको कोबायाशी आणि मासानोरी हिकिची यांचं ‘टेरानिग्मा’ जपान आणि युरोपात आलं, अमेरिकेत नाही. आणि त्या काळी इंग्रजीतली बहुतेक चर्चा अमेरिकेत ठरे. नोरिको मात्सुएदा यांचं ‘बहामुत लगून’ त्याच कंपनीच्या ‘फायनल फँटसी’च्या सावलीत राहिलं. युरोपातली मंडळी याहूनही दुर्लक्षित. घरगुती संगणकांवर तयार झालेले नेदरलंड्सचे येरून टेल, इंग्लंडचे नील बाल्डविन, स्पेनचे अल्बेर्तो गोन्सालेस यांनी निन्टेन्डोच्या छोट्या चिपांमधून जे काढलं ते जपानी घराण्यापेक्षा वेगळ्या वळणाचं आहे. ‘रोबोकॉप ३’ची पाटी किंवा गेम बॉय या हातात धरायच्या यंत्रावरचं ‘अ‍ॅस्टेरिक्स’ ऐकावं.

या सगळ्यावर पहिला आक्षेप हमखास येतो तो स्मरणरंजनाचा. बालपणीच्या आठवणींमुळे हे आवाज गोड लागतात, एरवी त्यांत काही नाही, असं म्हटलं जातं. प्रसिद्ध गेम्सबाबत त्यात तथ्य असेलही. पण दुर्लक्षित संगीतच या आक्षेपाचं सर्वात चांगलं उत्तर आहे. टिम फॉलिन यांनी मेगा ड्राइव्हच्या ‘टाइम ट्रॅक्स’ला संगीत दिलं आणि तो गेम विक्रीला आलाच नाही. जगात कुणाचंही बालपण त्याच्याशी बांधलेलं नाही. तरीही ज्यांनी ते नंतर ऐकलं त्यांनी त्या यंत्रावरच्या उत्तम कामांत त्याची गणना केली. ‘लाग्राँज पॉइंट’ची थोरवी मानणाऱ्या जपानबाहेरच्या रसिकांनाही तो लहानपणी दिसलेला नव्हता. २०१७ मध्ये लंडनच्या हायपरडब या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या कंपनीनं जुन्या जपानी गेम्समधल्या अपरिचित रचनांचा संग्रह काढला तो संगीत म्हणूनच, खेळण्यांची आठवण म्हणून नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा. मर्यादा म्हणजे गुण नव्हेत. संगीतकारांच्या मनात खरा वाद्यवृंदच होता आणि हाती पडली चिप, मग ते आज खऱ्या वाद्यांवर वाजवणं हाच त्यांना न्याय, असा हा युक्तिवाद. काहींच्या बाबतीत तो खराही आहे. मर्यादेचं उदात्तीकरण मलाही मान्य नाही. पाच आवाजांत लिहिलेलं कंटाळवाणं संगीत पाच आवाजांमुळे चांगलं ठरत नाही, आणि तसं संगीत ढिगानं आहे. पण वाद्य अपुरं म्हणून त्याच्यासाठी घडलेली कलाही अपुरी, हा निष्कर्ष आपल्याकडच्या लोकांनी तरी काढू नये. संवादिनीला मींड नाही, तिचे स्वर विलायती मापाचे, म्हणून आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दूर ठेवलं. आक्षेपातला तांत्रिक भाग बरोबर होता. तरी गोविंदराव टेंबे, पी. मधुकर आणि गोव्याचे तुळशीदास बोरकर यांनी तिच्यातून जे काढलं ते सारंगीची नक्कल नव्हती; ते संवादिनीचं स्वतःचं वादन होतं. कोदाकांचा बेस आणि फॉलिन यांचे थरथरते स्वरमेळ असेच त्या चिपचे स्वतःचे आहेत. वाद्यवृंदानं ते जरूर वाजवावेत. मूळ वादनाची जागा मात्र त्यानं घेऊ नये.

तिसरा आक्षेप पुनरावृत्तीचा. मिनिट-दीड मिनिटाची रचना सतत फिरत राहते, ती पार्श्वभूमीला ठीक, ऐकायला नाही, असं मानणारे आहेत. पण फिरून समेवर येण्यातला आनंद हा संगीतातला जुना आनंद आहे. चांगला गेमसंगीतकार शेवट आणि आरंभ यांचा सांधा असा जुळवतो की पुन्हा सुरुवात झाली हे कानाला आवर्तन पूर्ण झाल्यासारखं वाटतं. ‘गिमिक’ची पहिलीच रचना त्याचा नमुना आहे. आणि हे सगळं आता महाजालावर मिळतं, मग दुर्लक्षित कसलं, असंही कुणी विचारेल. मिळणं आणि मोजलं जाणं यात अंतर आहे. ‘वाईट गेम, चांगलं संगीत’ एवढा शेरा मारून ‘सिल्व्हर सर्फर’ची वासलात लावली जाते. त्या संगीताची बांधणी कशी आहे, ते त्याच संगीतकाराच्या इतर कामांशी कसं जुळतं, यावर कोणी फारसं बोलत नाही.

शिवाय ‘मिळतं’ हेही किती काळ खरं राहील? अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०१० पूर्वी तिथे निघालेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. ग्रंथालयांनी असे गेम अभ्यासकांना दुरून उपलब्ध करून द्यावेत अशी मागणी झाली. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानं ऑक्टोबर २०२४ मध्ये ती नाकारली. चिपला दिलेल्या आज्ञा जशाच्या तशा साठवणाऱ्या फायली हौशी मंडळींनी तयार केल्या म्हणून हे संगीत आजवर तगलं, आणि त्या कामाला कायद्याचा आधार नाही. कंपन्यांनी निदान या आज्ञा, मूळ आवाज आणि खरी नावं एकत्र छापून ठेवावीत. सेगाच्या काही संगीताच्या तबकड्या २०१५ पासून लंडनच्या एका कंपनीनं रीतसर परवान्यानं काढल्या; म्हणजे हे अशक्य नाही.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध आहे तो नकली यंत्रांमुळे. नव्वदच्या दशकात इथल्या घरांत आले ते फॅमिकॉमच्या बनावटीवरून बनवलेले स्वस्त संच आणि एकात अनेक गेम भरलेल्या पिवळ्या-काळ्या कॅसेटी. त्यांवर ना कंपनीचं नाव खरं, ना गेमचं. संगीतकाराचं तर दूरच. तशा अनेक नकली चिपांमध्ये चौकोनी लहरीच्या पोतांचा क्रमही उलटसुलट झालेला असे, त्यामुळे धून तीच पण आवाजाचा रंग निराळा. त्या पिढीतल्या लाखो मराठी कानांत आजही जी धून आहे, जंगलात धावत गोळ्या झाडताना वाजणारी, ती मूळ यंत्राच्या आवाजात एकदा शांतपणे, खेळ बाजूला ठेवून ऐकावी, आणि तिच्यापुढे नाव लिहून ठेवावं. फॅमिकॉमवरच्या १९८८ च्या त्या ‘कॉन्ट्रा’चं संगीत हिदेनोरी माएझावा आणि कियोहिरो सादा यांचं आहे.